सरांचा डबा आणि हद्दीचा दगड

पन्हाळ्याच्या मागच्या डोंगरात एक लेणं आहे. दिवाळीनंतर मी तिथे तीन दिवस राहून आले. लेण्याचं आणि त्याच्या पायथ्याच्या गावाचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. ज्या वस्तूसाठी मी गेले होते ती शोधून काढायची असते, आणि नाव सांगितलं तर पुढच्या माणसाचा अर्धा खेळ मोडतो.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा सार्वजनिक जागेत लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर देतो. जगातल्या कुणीही यावं, मोबाइलच्या आधाराने डबा शोधावा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहावी आणि डबा होता तसा परत ठेवावा. काही डब्यांना विषय दिलेला असतो. मी ज्याच्यासाठी गेले त्या डब्याचा विषय होता ‘घर ते शाळा’. ज्याला डबा सापडेल त्याने आपल्या लहानपणीच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता आठवणीने कागदावर काढायचा आणि तो नकाशा डब्यात ठेवून यायचा.

हा डबा पोतदार सरांचा. कुरुंदवाडच्या शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला. माझे वडील नदीवर नाव चालवायचे, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कॉलेजचा फॉर्म सरांनी स्वतः आणून दिला होता आणि वडिलांची सही घ्यायला ते नावेतून पलीकडच्या तीरापर्यंत गेले होते. आज मी कागलला शाळेत भूगोलच शिकवते. सरांनी काही सांगितलं तर मी नाही म्हणत नाही.

सरांची पहिली नेमणूक या डोंगरातल्या गावात होती. शाळेला इमारत नव्हती, म्हणून पहिली दोन वर्षं वर्ग लेण्याच्या ओसरीत भरायचा. तेव्हा तिथे ना लेण्याच्या तोंडाशी तारेचं कुंपण होतं, ना निळा सरकारी फलक. आता लेणं संरक्षित आहे आणि संरक्षित हद्दीत डबा ठेवता येत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी सर स्वतः चढून गेले, हद्दीचा दगड बघितला, त्याच्या बाहेर गायरानात जागा निवडली. बसल्यावर समोर लेण्याची ओसरी दिसेल अशी ती शेवटची जागा होती, असं ते सांगत.

यंदा वेबसाइटवरच्या तपासनीस स्वयंसेवकाचं पत्र आलं. डबा हद्दीच्या दगडाच्या आत आहे, अशी एका शोधणाऱ्याने तक्रार केली होती. महिन्याभरात खुलासा आला नाही तर डब्याची नोंद काढून टाकणार होते. सरांचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. त्यांनी मला फोन केला. “जा आणि मोज. आत असेल तर डबा घेऊन ये. बाहेर असेल तर फोटो पाठव.” एवढंच बोलले. पण त्या दिवशी त्यांनी आणखी दोनदा फोन करून विचारलं, की टेप घेतलीस का.

शुक्रवार : तेलाचा वास

गावात उतरले तेव्हा अकरा वाजले होते. फाट्यावरच्या टपरीवाल्याने माझ्या पाठपिशवीकडे बघून विचारलं, “कुठनं आला पावणं?” मी कागलहून म्हटल्यावर त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. त्याची बहीण कागलला दिली होती.

लेण्याची राखण करणाऱ्या हिंदुरावमामांकडे राहायची सोय सरांनी आधीच केली होती. हिंदुरावमामा सरांच्या पहिल्या वर्गातले विद्यार्थी. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्याला फडक्याची टापर. गेली पंधरा-सोळा वर्षं ते रोजंदारीवर लेण्याची देखभाल करतात. गवत काढतात, तार बघतात, ओसरी झाडतात. दारातच त्यांनी मला थांबवलं आणि नाक वर करून वास घेतला.

“बाई, डोस्क्याला वासाचं तेल लावलंय न्हवं?”

मी होय म्हटलं.

“मग आज वर न्हाय जायचं. लेण्याच्या कपाळाव आग्या मोव्हाळ हाय. त्यास्नी वास चालत न्हाय. मागं एक पावणं सेंट मारून आलतं. हितनं खालच्या व्हाळापतूर पळत गेलं आन् कपड्यासकट पान्यात बसलं.”

“काय झालं त्यांना?”

“चांगलं हाय की. फकस्त पुन्ना आलं न्हाय.”

त्यांच्या पत्नी आनसाक्कांनी मला परड्यात नेलं, चुलीवरचं गरम पाणी काढून दिलं आणि शिकेकाईने माझे केस धुवायला लावले. एकदा धुऊन समाधान झालं नाही. दुसऱ्यांदा धुतल्यावर त्यांनी माझ्या डोक्याला नाक लावलं आणि म्हणाल्या, “आता जरा मानसासारका वास याय लागला.” केस वाळेपर्यंत ऊन डोंगरामागे गेलं. पहिला दिवस असा केस धुण्यात गेला.

आमचा नदीकाठचा मुलूख काळ्या मातीचा. ऊस, वांगी, ज्वारीची भाकरी, आणि पाहुणा आला की बासुंदी. वाढणाऱ्याने ‘अजून थोडं’ म्हणायचं आणि खाणाऱ्याने पानावर हात आडवा धरायचा, अशी आमची रीत. या डोंगरात माती तांबडी आहे, खाली भात आणि वर नाचणी. आनसाक्कांनी नाचणीच्या भाकऱ्यांची बुट्टी, कुळथाचं माडगं, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि खर्डा मधोमध ठेवला आणि म्हणाल्या, “लाजायचं न्हाय. हात पोचतोय तितपतूर सगळं तुमचंच हाय.” पुन्हा कुणी कुणाला आग्रह केला नाही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. एवढ्या मी घरी कधी खात नाही.

मी नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी नेली होती. त्यांनी ती पहिल्यांदाच पाहिली. आनसाक्कांनी तिचाही वास घेतला आणि नवऱ्याला विचारलं, “ह्येला मोव्हाळ लागंल काय वो?” मग निम्मी बर्फी त्यांनी एकट्यांनी संपवली.

जेवताना मी मामांना तक्रारीचं सांगितलं. ते भाकरी मोडत राहिले. मला वाटलं, माणूस अबोल असेल.

शनिवार : चाळीस रस्ते

सकाळी गायरानातून चढलो. गवत कापणीचे दिवस होते. बाया ओळीने बसून विळ्याने गवत कापत होत्या, मागे पेंढ्यांचे ढीग पडत होते. त्यातली एक मामांना म्हणाली, “हिंदुराव, पावण्यास्नी लेनं दावाय न्हेतोस का कडेलोट कराय?” माझ्या डाव्या बुटाचा तळ नुकताच पुढून सुटला होता आणि मी पाय फडफडवत चालले होते, म्हणून ती हसत होती. मामांनी तिथलंच ओलं गवत घेतलं, मांडीवर वळून त्याचा कासरा केला आणि माझा बूट करकचून बांधून दिला. परत घरी पोचेपर्यंत तो सुटला नाही.

लेणं डोंगराच्या एका सोंडेच्या टोकाला आहे. दोन्ही बाजूंना तुटलेला कडा, मधून एकच पायवाट. त्यामुळे हद्द दाखवायला पायवाटेवर एक दगड पुरतो. दगडाच्या आत लेणं, बाहेर गायरान. लेण्यात तीन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीला चार खांब. त्यातला एक मधून तुटलेला. कोरीवकाम फारसं नाही. वर कपाळपट्टीला ताटाएवढी तीन मोहोळं लोंबत होती. मामा आधी एकटे पुढे गेले, मोहोळांकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि मग मला हाताने बोलावलं.

ओसरीत त्यांनी तुटक्या खांबाजवळची जागा दाखवली. “मी हितं बसायचो. गुर्जी भितीव लिवू द्यायचं न्हाईत. म्हनायचं, ह्यो दगूड आपल्या आज्या-पंज्याच्या बी आधीचा हाय, ह्याला हात लावायचा न्हाय. मग काय करायचं? व्हाळातली वाळू आनायची, हितं पसरायची आन् बोटानं लिवायचं. पयल्याच दिशी म्हनलं, घरापास्नं शाळंपतूर कसं आलासा त्ये काडा.”

मला तोपर्यंत वाटत होतं की डब्याचा विषय सरांनी निवृत्तीनंतर सवडीने शोधून काढला असेल.

डबा सापडायला वेळ लागला नाही. कड्याखाली मोबाइलमधले आकडे सारखे उड्या मारत होते, पण मामांना जागा ठाऊक होती. ओसरीसमोरच्या उतारावर जांभ्याच्या एका सपाट चिपेखाली, गोणपाटात गुंडाळलेला, रबरी कडीचा स्टीलचा डबा. “माकडांनी दोनदा काडला हुता,” मामा म्हणाले. “मी परत ठिवला. आत बघितलं न्हाय.” चिपेवर बसलं की समोर खरोखरच ओसरी दिसत होती, चारही खांबांसकट.

डब्यात वही, पेन्सिल, कोरे कागद आणि चाळीसेक नकाशे होते. मी ते एकेक करून पाहिले. कुणीतरी बेंगळुरूच्या बसचा सबंध मार्ग काढला होता, सगळ्या थांब्यांसह. एकाने फक्त विहीर, कुत्रं आणि एक वळण काढून कुत्र्यापाशी ‘इथे पळायचं’ असं लिहिलं होतं. एका परदेशी बाईने बर्फातली पावलं काढली होती. एका कागदावर लिहिलं होतं, ‘मी शाळेत गेलो नाही. बहीण जायची. तिला सोडायला जायचो तो हा रस्ता.’ त्या नकाशात शाळेचं फाटक बारकाईने काढलेलं होतं आणि फाटकाच्या आत काहीच नव्हतं.

मीही काढला. घर, घाट, नाव, पलीकडचा गाळ, मग शाळा. नावेतला भाग काढताना पेन्सिल थांबली, कारण पावसाळ्यात तो रस्ता दर आठवड्याला बदलायचा.

नंतर मी टेप काढली आणि हद्दीचा दगड कुठे आहे ते विचारलं. मामांनी खाली बोट दाखवलं. दगड पायवाटेच्या कडेला, डब्यापासून तीस-पस्तीस पावलं खाली, गावाच्या बाजूला पडलेला होता. चौकोनी घडवलेला, कोपरे झिजून गोलसर झालेले, एका अंगाला कोरलेला बाण. म्हणजे मोजायचंही काम नव्हतं. डबा हद्दीच्या बराच आत होता आणि तक्रार करणारा बरोबर होता.

मी परत वर आले आणि नकाशे डब्यात भरायला लागले. सरांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. मामा शेजारी उकिडवे बसून गवताच्या काडीने दात कोरत होते. झाकण लावल्यावर ते म्हणाले, “बाई, डबा बांदू नगासा.”

“का?”

“त्यो दगूड त्येच्या जाग्याव न्हाय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चैत्रात गावच्या देवीची जत्रा असते. त्या दिवशी गावची तरणी पोरं हा दगड खांद्यावर उचलून चालतात. एका वर्षी लेण्याकडे चढायचं, दुसऱ्या वर्षी गावाकडे उतरायचं. पहिल्याच्या खांद्यावरून दगड सुटला की तिथून दुसरा उचलणार. शेवटचा गडी जिथे टाकेल तिथे दगड वर्षभर पडून राहतो आणि पुढच्या जत्रेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. सरकारने तो हद्दीसाठी रोवला होता, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण दोन सिमेंटच्या पोत्यांएवढ्या वजनाचा, खांद्यावर नीट बसणारा दुसरा दगड त्यांना मिळाला नव्हता.

“गुर्जी आलते तवा चढाचं वरीस हुतं,” मामा म्हणाले. “पोरांत दम हुता. दगूड पार लेन्याच्या दारात न्हेऊन टाकलाता. यंदा उताराचं वरीस. त्यो खाली ग्येला.”

म्हणजे सरांनी दगडापासून मोजलं ते बरोबर होतं, आणि तक्रार करणाऱ्याने दगडापासून मोजलं तेही बरोबर होतं.

“सर मोजत होते तेव्हा तुम्ही इथे होता?”

“व्हय. टेपचं दुसरं टोक मीच धरलंतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच काहीतरी भलतं बोलले होते. “गुर्जी मोजत हुतं की. मधीच कसं बोलायचं? गुर्जी चुकाय लागल्यात म्हनायचं व्हय मी?”

शाळेत असताना सरांनी फळ्यावर एकदा कृष्णा आणि पंचगंगेची नावं उलटी लिहिली होती. संगमाच्या गावची चाळीस पोरं आम्ही वर्गात होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी वहीत तसंच उतरवून घेतलं.

दगडाची मूळ जागा कातळात कोरलेली खाच होती. ती कुठे, हे मामांना अंदाजाने ठाऊक होतं, पण तिथलं गवत अजून कापलं नव्हतं. त्यांनी विळा मागून आणला आणि तासभर दोघांनी गवत काढलं. मातीने बुजलेली चौकोनी खाच निघाली. मामांनी विळ्याच्या टोकाने माती उकरली. आतून एक खेकडा बाहेर आला आणि तिरका पळाला. मग टेपचं एक टोक मामांनी खाचेवर धरलं आणि मी डब्यापर्यंत गेले.

डबा नऊ फूट आत होता.

मी पुन्हा मोजलं. मग मामांना डब्याकडे पाठवून तिसऱ्यांदा मोजलं. नऊ फूटच.

“नऊ फूट म्हंजे काय, बाई,” मामा म्हणाले. “दोन ढेंगा. खाच कुनाला ठावं हाय? एकादा चौकोनी दगूड डब्याच्या वरच्या अंगाला ठिवतो, तुमी फोटू काडा. गुर्जींचा डबा ऱ्हाईल हितंच.”

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं पाच मिनिटं पटलं होतं. चिपेवर बसून मी ओसरीकडे बघत होते आणि सरांना ‘डबा बाहेर आहे’ एवढे तीन शब्द सांगायचे, हा विचार करत होते. ते दुसरं काही विचारणारही नव्हते. पण टेप अजून खाचेपासून माझ्या पायापर्यंत ताणलेली होती आणि तिच्यावरचा आकडा मी तीनदा वाचला होता. मी नाही म्हटलं. डबा खाचेच्या बाहेर हलवायचा, असं ठरलं. तेवढ्या अंतरावर डबा हलवायला खेळाच्या नियमात परवानगी आहे.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. दगड खालीच राहिला तर पायवाटेवर कुठेही डबा ठेवला तरी तो दगडाच्या आतच दिसणार, आणि पुढचा माणूस पुन्हा तक्रार करणार. डबा या डोंगरावर राहायचा असेल तर आधी दगड जागेवर जायला हवा होता. आणि जत्रेशिवाय त्याला कुणी हात लावत नव्हतं.

रविवार : दगड घरी जातो

सकाळी मामा मला दूध डेअरीत घेऊन गेले. तिथे दूध मोजणारा युवराज हा तालमीतला मुख्य गडी. यंदा शेवटी दगड टाकणारा तोच. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मधेच दोन बायांचं दूध मापलं, आणि म्हणाला, “न्हाय जमायचं, बाई. टाकल्याला दगूड उचलायचा न्हाय, अशी रीत हाय. आन् खाचंत बसिवला तर चैतात आमी काय उचलायचं? हिंदुमामाला?”

रांगेतले लोक हसले. मामा म्हणाले, “मला उचलाय तुजा बा पायजे. तुज्यानं व्हायचं न्हाय.”

“मामा, रीत मी न्हाय काडल्याली.”

“मी तरी कुटं काडलीया? मी बी उचललाय त्यो. चढाच्या वर्साला.”

बोलणं तिथेच थांबलं. आनसाक्का दुधाची किटली घेऊन रांगेत मागे उभ्या होत्या. त्यांनी किटली पुढे सरकवली आणि युवराजकडे न बघता म्हणाल्या, “खेळाय उचलायचा न्हाय, ही रीत हाय. घरी न्ह्याय उचलायचा न्हाय, असं कोन म्हनलंय? पोरगं दिसभर भाईर खेळलं तर सांजच्याला आई वडत आनती का न्हाय? त्येचं घर त्या खाचंत हाय. इतकी वर्सं झाली, कुनी वडत न्हेलं न्हाय त्येला.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आन् उचलायचं म्हनशीला तर आमच्या परड्यात खळ्याचा जुना दगडी रूळ पडलाय. त्यो ह्येच्यापरास जड हाय. भ्या वाटत नसंल तर न्हे.”

शेवटचं वाक्य सगळ्यांच्या देखत बोलल्यामुळे युवराजला पर्याय उरला नाही. त्याने दुधाचं मापन संपवलं आणि आणखी तिघांना हाक मारली. आनसाक्कांनी नारळ दिला.

दगड चढावर न्यायचा होता, म्हणून चौघांनी पाळीपाळीने उचलायचं ठरवलं. आधी तो मांडीवर घ्यायचा, मग छातीवर, मग एका हिसक्यात खांद्यावर. खांद्यावर आला की बोलायचं नाही, पळायचं नाही, फक्त चालायचं. गवत कापणाऱ्या बाया विळे खाली ठेवून उभ्या राहिल्या. कालची ती बाई पुन्हा काहीतरी बोलणार असं मला वाटलं, पण तिने पायवाटेवरची पेंढी बाजूला ओढली. युवराज सगळ्यात शेवटी होता. खाचेपाशी येऊन त्याने गुडघे वाकवले आणि दगड टाकला नाही, हळूच ठेवला. बाण आधी उलट्या बाजूला आला. तिघांनी मिळून दगड फिरवला तेव्हा तो खाचेत दगडावर दगड घासल्याचा आवाज करून बसला. युवराजने नारळ फोडला आणि खांदा चोळत म्हणाला, “मावशीच्या रुळाचं वजन किती हाय म्हनला, मामा?”

मामांनी फोनवरून पुरातत्त्व खात्यातल्या त्यांच्या साहेबांना दगड सरकला होता आणि तो पुन्हा बसवला, एवढं कळवलं. कसा सरकला, हे साहेबांनी विचारलं नाही.

मग डबा. खाचेच्या बाहेर, खालच्या बाजूला बारा फुटांवर जांभ्याची एक कपार मामांनी दाखवली. कोरडी होती, माकडांचा हात पोचणार नाही इतकी खोल होती. मी डबा गोणपाटात गुंडाळून आत सरकवला आणि कपारीसमोर बसून पाहिलं. तिथून लेणं दिसत नव्हतं. ओसरी आणि कपार यांच्यामध्ये जांभ्याचा एक उंचवटा येत होता. मी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे सरकून पाहिलं. एक खांबसुद्धा दिसला नाही.

मोबाइलला तिथे रेंज होती. मी सरांना फोन लावला आणि दगडाचं, जत्रेचं, खाचेचं सगळं सांगितलं. सरांनी मधे एकदाही तोडलं नाही.

“किती फूट आत होता?”

“नऊ, सर. तीनदा मोजलं.”

“म्हणजे मी चुकीच्या जागेवरून मोजलं. तसंच लिही वेबसाइटवर.” मग म्हणाले, “हिंदुराव आहे का तिथे? दे त्याला.”

मी फोनचा आवाज मोठा केला. मामांनी डोक्याची टापर काढून हातात घेतली.

“हिंदुराव, टेप तू धरली होतीस ना रे?”

“व्हय, गुर्जी.”

“आणि दगड जागेवर नाही, हे तुला माहीत होतं.”

“व्हय, गुर्जी.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी मोजत हुता.”

पलीकडून सरांचा हसण्याचा आवाज आला, खोकला आला. “बरं,” ते म्हणाले. “नव्या जागेवरून ओसरी दिसते का?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

“न्हाय दिसत, गुर्जी. मधी उंचवटा येतोय.”

“हं.”

तो ‘हं’ ऐकून मला वाटलं, आता ते डबा खाली घेऊन या म्हणणार. त्यांच्या तसं म्हणण्याची मी वाट बघत होते.

“मग तिथनं काय दिसतं?” सरांनी विचारलं.

मामा कपारीसमोर मघाशी मी बसले होते तिथे बसले आणि खाली बघायला लागले. “गाव दिसतंय, गुर्जी. आमचं घर दिसतंय. आपल्या वर्गातल्या तुक्याचं दिसतंय. पानंद दिसतीया, व्हाळ दिसतोय, व्हाळातला खडक दिसतोय. आमी सकाळी शाळंला जिकडनं याचो त्यो समदा रस्ता दिसतोय, पार हितपतूर.”

सर म्हणाले, “अरे, मग ही जागा मला तेव्हाच का नाही दाखवलीस?”

“तुमी इचारलंच न्हाय, गुर्जी,” मामा म्हणाले.